आडनाव कळलं, नाव राहिलं

भाची: मिस्त्री, थापी खाली ठेवा! त्या कोपऱ्याला हात लावू नका.

मिस्त्री: अहो ताई, ओल तिथेच आहे. आत्या घसरून पडल्या, धुण्याची खोली कोरडी करून द्या, असा फोन तुम्हीच केलात ना?

भाची: केला हो. तेव्हा नळामागे वाकून बघितलं नव्हतं.

आत्या: काय मेलं सापडलं तिथे?

भाची: हे भिंग घे. मोहरीएवढी कोळ्याची मादी आहे बघ, जाळ्याच्या मधोमध.

आत्या: कुठे? ...अगं बाई! जाळं उलट्या छत्रीसारखं ओढून धरलंय की.

भाची: एका धाग्याने ताणते. चिलट जवळ आलं की धागा सोडते आणि जाळंच त्याच्यावर जाऊन आदळतं.

आत्या: हे तू मला सांगतेस? लहानपणी आम्ही इथे चुटक्या वाजवायचो. चुटकी वाजली की जाळं टुणकन उडायचं. तुझा बाप म्हणायचा, फक्त माझ्याच चुटकीला उडतं. मी उडवून दाखवलं तर म्हणे, ती माझी मघाचची चुटकी आत्ता पोचली!

भाची: बाबा? ते तर कोळी दिसला की खुर्चीवर चढतात.

आत्या: ते लग्नानंतरचं. बरं, हिचं नाव काय?

भाची: तेच तर अडलंय. प्रजाती कळली, जाती नाही. म्हणजे आडनाव कळलं, नाव राहिलं. एका आडनावाच्या कितीतरी जाती असतात आणि नुसत्या बघून ओळखू येत नाहीत. नर सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर खात्री पटते. कदाचित आजवर कोणी नोंदलेलीच नसेल.

आत्या: मग शोध की नर.

भाची: सापडलाय. तो बघ, जाळ्याच्या कडेला घुटमळतोय. एकच आहे.

आत्या: काय भित्रा आहे! पाऊल पुढे टाकतो, परत मागे घेतो.

भाची: ती खाऊनही टाकेल, म्हणून विचारत विचारत जातो.

आत्या: आणि तू त्याला उचलून भिंगाखाली ठेवणार?

भाची: आधी स्पिरिटमध्ये. जिवंत नर हलत राहतो, नीट काही दिसत नाही गं.

आत्या: म्हणजे वरात दारात आणि तू नवरदेव बाटलीत घालणार!

भाची: भिंत अशीच राहिली तर थांबेन. त्यांचं जमू दे, अंडी होऊ देत. नर तसेही फार जगत नाहीत, मग नेईन. पण आज गिलावा होणार असेल तर आत्ताच न्यायला हवा. मागे काहीच उरणार नाही.

मिस्त्री: आत्या, माल कालवलाय. वाळून दगड होईल.

भाची: करा मिस्त्री. आत्या, तू परत पडलीस तर? मी बाटली आणते.

आत्या: थांब गं! पडले मी, आणि ठरवणार तू? मिस्त्री, तो माल मागच्या पायरीला लावा, ती फुटलीच आहे. ही भिंत राहू दे.

मिस्त्री: आणि ओल?

आत्या: राहील. खाली खरखरीत फरशी घाला आणि धरायला दांडा बसवा.

मिस्त्री: कमरेच्या उंचीला बसवतो.

आत्या: एक तिथे, आणि एक खाली. बघायला बसले तर उठता यायला हवं ना?