अर्जदार पत्त्यावर राहत नाही

सम्राट : चहा राहू द्या, कारभारीकाका. आधी सांगा, तो हवालदार तुमच्या ओट्यावर बसला होता की नव्हता?

कारभारी : बसला हुता. वाटसरू बसतो, हवालदार बी बसतो. ओटा कुनाला न्हाई म्हनतो व्हय?

सम्राट : माझ्या पासपोर्टच्या चौकशीला आला होता तो.

कारभारी : आसंल.

सम्राट : असेल काय! नगरच्या कचेरीतून आत्ता आलोय मी. कारकुनानं शेरा वाचून दाखवला. 'अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. शेजारी चौकशी केली.' शेजारी म्हणजे कोण? या वस्तीवर तिसरं घर तरी आहे का?

चांगुणाबाई : सम्राट, घरला चल. दुसऱ्याच्या दारात काय आवाज चढवितोस?

सम्राट : थांब आई. इंग्लंडच्या विद्यापीठानं घेतलंय मला. शिष्यवृत्ती देतायत. सप्टेंबरात हजर झालो नाही तर जागा दुसऱ्याला जाईल. आणि इथं पासपोर्टच अडकलाय!

कारभारी : तू राहुरीला शिकला न्हवं? त्येवढ्यानं पोट न्हाई भरलं?

सम्राट : हेच! हेच खुपतंय तुम्हाला. बांधावरची बाभळ तोडू दिली नाही, तेव्हापासून डूख धरलाय तुम्ही.

कारभारी : बाभळीपायी मी पोराचं वाटुळं करीन?

सम्राट : मग घ्या शपथ. त्यानं विचारलं तेव्हा काय सांगितलंत?

कारभारी : न्हाई घेत शपथ.

सम्राट : बघ आई! खाई त्याला खवखवे.

कारभारी : म्हन बाबा. काय म्हनायचं ते म्हन.

सम्राट : नुसतं म्हणत नाही. उद्या ठाण्यात तक्रार देतो. खोटी माहिती दिली म्हणून. तुमच्या नावानं.

चांगुणाबाई : त्येंचं नाव नगं घालूस.

सम्राट : का?

चांगुणाबाई : म्या सांगितलं ते. हितं ऱ्हात न्हाई म्हनून.

(कारभारी हातातली कपबशी हळूच खाली ठेवतो.)

सम्राट : तू? मी जाऊ नये असं वाटत होतं, तर तोंडावर सांगायचंस ना. पाठीमागं कशाला?

चांगुणाबाई : तसं न्हाई रं. दळान घिऊन येत हुते. त्यानं वाटंतच गाडी थांबिवली. "सम्राट रखमाजी हितंच ऱ्हातो का?" बापाच्या नावासकट. नामांतराच्या मोर्चातनं तुजा बाप आला, तवा बी आसाच एक आल्ता. "रखमाजी हितंच ऱ्हातो का?" मी येडी. म्हनलं, हाय की, आत जेवतोय.

सम्राट : हे कधी सांगितलं नाहीस.

चांगुणाबाई : काय सांगू? ताटावरनं उठवून नेला त्येला. माघारी आला तो पाय मोडून. मरंस्तवर शेकला मी त्यो पाय. तवाच ठरीवलं, खाकीवाल्यानं आपल्या मान्साचं नाव घितलं की सांगायचं, हितं ऱ्हात न्हाई.

सम्राट : आणि काका, तुम्ही?

कारभारी : मला बी इचारलं की. आई न्हाई म्हनती, ह्ये बी त्यानंच सांगितलं. आता आईच न्हाई म्हनती, तर शेजाऱ्यानं हाय म्हनायचं? म्हनलं, त्या म्हनत्यात तसंच.

सम्राट : मग मघापासून गप्प का होता? मी एवढं बोललो तुम्हाला.

कारभारी : वैनी हितंच उब्या हुत्या. त्येंचं त्येंनी सांगायचं.

सम्राट : चुकलो, काका.

कारभारी : ते ऱ्हाऊ दे. आता फुडं काय?

सम्राट : कारकून म्हणाला, घरच्यांनी ठाण्यात जाऊन जबाब दिला तर कागद पुढं सरकेल. आई, तुला यावं लागेल.

चांगुणाबाई : ठान्यात? मी?

सम्राट : मी आहे ना बरोबर.

कारभारी : मी बी येतो, वैनी. माजं बी खोटं निस्तरायचंय.

चांगुणाबाई : तितं काय सांगायचं?

सम्राट : एवढंच. हा माझा मुलगा. माझ्यापाशीच राहतो.

चांगुणाबाई : माज्यापाशीच ऱ्हातो... आसं सांगितलं, म्हंजी मग जाशील तू?