खांद्यावरचं शिंग

(संग्रहालयाचं मोठं दालन. पेंढा भरलेल्या गेंड्यासमोर वॉचमनची आई, संग्रहालयाचे साहेब आणि सरकारी तपासणीस बाई.)

आई : आणि मी म्हणते, माझ्या मुलाला चोरायचंच असतं, तर त्यानं नाकावरचं शिंग नेलं असतं. ते खरं आहे ना? मग खरं जागेवर ठेवून त्यानं नेलं काय?

तपासणीस : दुसरं नेलं, मावशी. खांद्यावरचं. ही बघा नोंदवही. ‘गेंडा, नर, एक. शिंगे दोन. एक नाकावर, एक खांद्यावर.’ काल मी दोन्हींना तपासणीची सुई टोचली. नाकावरचं अस्सल निघालं. खांद्यावरच्याचा भुसा पडला. लाकूड!

साहेब : म्हणजे कुणीतरी खरं काढून नकली बसवलं. आणि दालनाची किल्ली एकट्या वॉचमनकडे. मला वाईट वाटतं हो, पण...

आई : वाईट वाटतं, तर काल सकाळपासून तो चौकीत का बसलाय? ज्याला वाईट वाटतं तो आधी विचारतो, मग पोलीस बोलावतो. तुम्ही पोलीस आधी बोलावलेत आणि आता निवांत वाईट वाटून घेताय.

तपासणीस : नियम आहे तसा. शिंगांची चोरटी विक्री फार वाढलीय. आफ्रिकेत तर जिवंत गेंड्याचं शिंग सरकारी लोकच कापून टाकतात, म्हणजे शिकारी त्याच्या वाटेला जात नाहीत.

आई : अगं बाई! जिवंताचं कापायचं आणि मेलेल्याचं मोजायचं! मुली, तू गेंडा पाहिलायस कधी? चालताफिरता?

तपासणीस : नाही. माझ्याकडे फक्त शिंगं असतात.

आई : आणि साहेब, तुम्ही?

साहेब : मी गेंड्यावर पुष्कळ वाचलंय.

आई : वाचलंय कसलं, बसलाही आहात. चड्डीत होतात तेव्हा वडिलांचं बोट धरून यायचात आणि ह्याच्याच पाठीवर चढायचात. एकदा तर वरूनच भिजवलात त्याला. माझ्या नवऱ्यानं दोन दिवस पंखा लावून वाळवला.

साहेब : त्याचा इथे काही संबंध आहे का?

तपासणीस : तुमचे यजमान इथे कामाला होते?

आई : कामाला? अगं, हा गेंडा भरलाच त्यांनी! सर्कशीत मेला होता, भर उन्हाळ्यात आणला. वासानं गल्ली ओस पडली. ह्यांनी कातडं कमावलं, पेंढा भरला, काचेचे डोळे बसवले. शिंग आलं होतं एकच. नाकावरचं. दुसरं आलंच नाही, तर चोरीला जाईल कुठून?

साहेब : अशक्य. आपल्याकडे एका थोर प्रवाशाचं प्रवासवर्णन आहे. तीनशे वर्षांपूर्वीचं, चित्रासकट. त्यात खांद्यावर शिंग स्वच्छ दिसतं. गेंडा आला तेव्हा माझे बाबा इथले प्रमुख होते. त्यांनी त्या चित्राबरहुकूम हा गेंडा सिद्ध करवून घेतला.

आई : मी दुसरं काय सांगतेय? चित्र भिंतीला टांगलं आणि म्हणाले, अस्सा कर. अंगाला चिलखतासारखे पत्रे कर. खांद्यावर शिंग कर. म्हणे हे जनावर जिभेनं चाटून माणसाची सालं काढतं, तर जीभही कर, चांगली हातभर.

तपासणीस : जीभ? थांबा हं... आहे की नोंद. ‘जीभ एक, खरबरीत.’ साहेब, जीभ कुठाय?

साहेब : जीभ... दुरुस्तीला दिली असेल.

आई : उंदरांनी खाल्ली. चपलेच्या चामड्याची होती. बसवा आता उंदरांनाही चौकीत.

तपासणीस : मावशी, पटतंय मला. पण पटलं म्हणून लिहिता येत नाही. पुरावा लागतो.

आई : मग काढ ते शिंग. जरा पीळ आणि वर ओढ. हं, आलं. आता बुडाशी बघ. चौकोनी खाच दिसते?

तपासणीस : दिसते. आणि आत हा निळा रंग कसला?

आई : माझ्या पलंगाचा. लग्नात माहेरहून आलेला. दुसऱ्या दिवशी उद्घाटन आणि ऐन वेळी मनासारखं लाकूड मिळेना. ह्यांनी पलंगाचा एक पाय काढला आणि बसले तासत. त्या कोपऱ्याखाली आजही तीन विटा आहेत. ये घरी, मोजून जा. तेवढं तर येतं तुम्हाला.

तपासणीस : आणि इथलं कातडंही सलग आहे, साहेब. एक खिळ्याचं भोक सोडलं तर काही नाही. इथे शिंग कधी उगवलंच नव्हतं.

साहेब : मग आपण असं लिहू. दुसरं शिंग काळाच्या ओघात झिजून नाहीसं झालं. चोर कुणीच नाही आणि पुस्तकही शाबूत.

तपासणीस : झिजलं कधी, कुणाच्या पहाऱ्यात, याची वेगळी चौकशी लागेल. मुलगा अजून महिनाभर आत. सरळ लिहा, ‘मूळ नोंद चुकीची, शिंग एकच.’ खाली सही करा. कागद मी आत्ता चौकीत देते, तासाभरात तो घरी.

साहेब : अहो, ती नोंद बाबांच्या हातची आहे. ह्या दालनाला त्यांचं नाव आहे. आणि मी ती एका पलंगाच्या पायावरून खोडू?

आई : वडिलांची चूक एका ओळीत मावते. माझ्या मुलाला चोर म्हणालात, ते पुसायला किती ओळी लागतील? आज सकाळी शाळेत त्याच्या पोरीला विचारलं, तुझा बाप शिंगं विकतो का गं? पोर दप्तर तिथंच टाकून घरी आली. करा सही. पेन हवं तर हे घ्या. मला नावापुरतंच लिहिता येतं, पण पेन मी बाळगते.

साहेब : ...असू द्या. आहे माझ्याकडे. ‘शिंग एकच.’ घ्या.

तपासणीस : तारीख राहिली.

साहेब : ही तारीख.

तपासणीस : झालं. मावशी, गाडी बाहेर आहे, चला माझ्याबरोबर.

आई : हो पुढे, आलेच.

साहेब : बाई, एक विचारू? कातडं तुमच्या यजमानांच्या हातात होतं. खांद्यावर काही नाही, हे त्यांना पहिल्या दिवसापासून दिसत होतं. मग त्यांनी तेव्हाच बाबांना का नाही सांगितलं?

आई : सांगितलं होतं. तुमच्या वडिलांनी विचारलं, तू शिकलायस किती?