जास्परच्या घरी आईनं बूट काढले

बूट. तुम्हाला सांगते, पहिलं काहीतरी चुकलं ते तिथेच, दारातच, आई खाली वाकली आणि तिनं बूट काढले. आता यात चुकलं काय, कुणाच्या घरी गेल्यावर बूट काढायचेच, असं तुम्ही म्हणाल... तेच तर! आमच्या रॉदरहॅमला, उत्तरेकडच्या कारखान्यांच्या गावात, काढायचेच असतात, आमच्या गल्लीत बुटांसकट कुणी गालिच्यावर पाय ठेवला तर पुढचा आठवडाभर त्याच्या संस्कारांवर चर्चा चालते. पण हे पडलं जास्परचं घर, ग्लॉस्टरशरच्या खेड्यातलं, खाली दगडी फरशी, आणि दारात उभी जास्परची आई फिनेला, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, चिखलासकट, मागे तीन कुत्री, तीही चिखलासकट. आणि माझी आई जॅनिस त्या बर्फगार फरशीवर, पातळ मोज्यांत, आपले नवेकोरे बूट छातीशी धरून हसत विचारतेय, कुठे ठेवू? फिनेलानं बुटांकडे पाहिलं, मग मोज्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "किती छान."

बस. अहो राहू द्या, घाला परत, आमच्याकडे कुणी काढत नाही, गारठून जाल... यातलं एक तरी वाक्य? छे.

थांबा हं, फोन वाजतोय... वाजतोय... नाही, नाहीच उचलत. मी कुठे आहे ते सांगायचंच राहिलं. त्याच खेड्यातल्या बसथांब्यावर उभी आहे, रविवारची दुपार, बस कधी येणार देव जाणे, आणि आईला फोन लावतेय, कारण आई नाहीशी झालीय. हो, नाहीशी! जेवणाच्या टेबलावरून उठली, आलेच म्हणाली आणि गेली. जूनमध्ये माझं आणि जास्परचं लग्न आहे, आणि आज दोन्हीकडची माणसं पहिल्यांदा एकत्र जेवायला बसणार होती. दोन्हीकडची म्हणजे आमच्याकडून एकटी आईच. आम्ही दोघीच आहोत.

आणि तिनं या जेवणासाठी काय काय केलं, तुम्हाला माहितीये का? केस सेट करून घेतले. नवा सूट घेतला, कानातले सुटाच्या रंगाचे. आणि सिगारेट सोडली! मी शाळेत जायला लागले तेव्हापासून बघतेय, मागच्या दारात उभं राहायचं, एक हात बाहेर, एक पाय आत, धूर घरात येता कामा नये, हा तिचा नियम, पाऊस असो बर्फ असो. ती सिगारेट तिनं जानेवारीत सोडली. मी सांगितलं नव्हतं हो, शपथ! तीच म्हणाली, तुझ्या सासरी मला धुराचा वास मारत जायचं नाही. आणि घेतली ती विजेवरची सिगारेट, गुलाबी नळी, स्ट्रॉबेरीच्या वासाची. सगळं घर जॅमसारखं दरवळतं.

तर आम्ही आत गेलो. आत बाहेरच्यापेक्षा थंडी! माझ्या तोंडातून वाफ निघत होती, आणि ही मंडळी अंगात कोपरांवर फाटलेले स्वेटर घालून मजेत बसलेली. जास्परचे वडील ह्यू, त्यांच्या कॉलरचा तर नुसता दोरा उरलाय. सोफ्यावर बसायला जावं तर तिथे कुत्री, आणि कुत्र्यांना उठवायची पद्धत नाही, माणसानं कडेला टेकायचं. चहाचे कप टवके उडालेले. आणि शेकोटीजवळच्या खुर्चीत जास्परची आत्या. वय सत्तर, नाव बंटी. म्हणजे खरं नाव काहीतरी भलंमोठं आहे, पण सगळे बंटीच म्हणतात. या लोकांत म्हातारपणीही लहानपणची लाडाचीच नावं चालतात. आणि मी केली-अ‍ॅन, तर माझ्या नावावर हिनं पहिल्या भेटीत विचारलं होतं, दोन्ही का, एकाने भागलं नसतं का? यांचं आडनाव फेन-हार्डिंग! तिथे दोन चालतात!

ही बंटी ओढत होती सिगारेट. घरात. कुत्र्यांच्या अंगावर राख झाडत. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं... सगळे आपले चहा पिताहेत. तिनं आईपुढे पाकीट धरलं आणि म्हणाली, "घे ना. ओढत असशील तू, चेहऱ्यावरून वाटतं."

चेहऱ्यावरून वाटतं! आई मात्र हसून म्हणाली, सोडली मी. आणि थोड्या वेळानं हळूच दाराजवळच्या पॅसेजमध्ये जाऊन गुलाबी नळीचे दोन झुरके मारून आली, तर फिनेला नाक वर करून खिडकी उघडायला धावली. म्हणे कुत्र्यांना असले गोड वास सोसत नाहीत. अहो, बंटी त्यांच्या डोक्यावर राख झाडतेय, ते सोसतं? ते नैसर्गिक का? जास्परला मी डोळ्यांनी खुणावलं. त्यानं मला डोळ्यांनी परत खुणावलं. या घरात खुणा करतात, बोलत नाहीत.

एक मिनिट, परत लावते... वाजतोय... नाही.

तर जेवण. एकला बोलावलं होतं, तीन वाजता वाढलं. रानातला पक्षी, ह्यूंनी स्वतः मारलेला, आम्ही सात जण, आणि पक्षी काही सातांना पुरेल एवढा मोठा नव्हता. सातवा जास्परचा भाऊ, तो फक्त खात होता. प्रत्येकी बटाटे दोन. आमच्याकडे रविवारी ताटात बटाटे दिसेनासे होईपर्यंत ग्रेव्ही ओततात, आणि कुणी उठलं रे उठलं की आणखी चार वाढतात. आईनं पहिला घास घेतला, कट्कन आवाज, आणि ती पांढरीफटक. तिला वाटलं दात पडला! हळूच रुमालात काढून बघते तर शिशाचा छर्रा. ह्यू म्हणाले, अरे वा, लागली लॉटरी, आणि पुन्हा खायला लागले.

आणि इथे मी लक्ष द्यायला हवं होतं. कारण आई माझ्या कानाशी वाकली आणि कळवळून पुटपुटली, "पोरी, अगं यांचे दिवस इतके वाईट आलेत हे तू सांगितलं नाहीस."

मला आधी कळलंच नाही! मग मी तिच्या डोळ्यांनी खोली पाहिली. फाटके स्वेटर. टवके उडालेले कप. दोन दोन बटाटे. दारात चिखलानं माखलेली जुनी गाडी. हीटर बंद. आमच्या गल्लीत एवढं सगळं एका घरात दिसलं तर शेजारी संध्याकाळपर्यंत डबे घेऊन येतील! आता तिला कसं सांगू, की आई, टेकडीपर्यंतची जमीन यांची आहे, हीटर लावणं यांच्यात हलकं समजतात, नवा स्वेटर घालणं तर त्याहून हलकं, आणि तू जो सूट इतका जपून इस्त्री करून आणलास ना, तोच इथे... नाही. कसं सांगू? आणि ते सगळे ऐकत असताना? मी तिचा हात दाबला. तिला वाटलं, मी होकारच दिला.

आणि मग ती बोलली. टेबलाच्या या टोकावरून त्या टोकाला, फिनेलाला, अगदी मायेनं, "संकोच करू नका बरं का. आम्हीही असे दिवस काढलेत. माझ्याकडे एक जास्तीचा हीटर पडलाय, चांगला चालतो. केलीबरोबर पाठवून देते."

तुम्हाला सांगते, मी बऱ्याच शांतता ऐकल्यात. परीक्षेच्या हॉलमधली, दवाखान्यातली. पण ही! कुत्र्यांनीसुद्धा शेपट्या थांबवल्या. ह्यू मिठाकडे बघताहेत, फिनेला खिडकीकडे, जास्पर, माझा होणारा नवरा, ज्यानं एक वाक्य बोलायचं होतं, एकच, थँक यू जॅनिस एवढं जरी... तो आपल्या बटाट्याकडे बघतोय. आणि बंटी? ती हसली. नाकातून, धुरासकट. आणि त्या हसण्याबरोबर मी आईचा चेहरा बघत होते. एकेक करून तिला सगळं कळत गेलं. स्वेटर कळला, कप कळले, मग आपला सूट कळला. तिनं टेबलाखालचे मोज्यांतले पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मग घडी करून रुमाल ठेवला, आलेच हं म्हणाली आणि गेली.

मला वाटलं, नळी ओढायला गेली असेल. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पुडिंग आलं. जास्परचा भाऊ सायीचं भांडं फिरवत होता. कुणी विचारलं, ती बाई कुठे गेली? नाही! मी पॅसेजमध्ये जाऊन बघितलं, दाराशी तिचे बूट नव्हते. तेव्हा मला कळलं. परत येऊन जास्परला सांगितलं, आई गेली. तर तो म्हणतो, बंटीचं मनावर घेऊ नये गं तिनं, बंटी सगळ्यांनाच हसते. आणि फिनेला म्हणते, तुझी आई किती गोड आहे, किती खरी.

खरी म्हणजे काय? बाकीचे कोण, पुठ्ठ्याचे? आणि मी, मोठ्यानं हॉर्न वाजला तरी दचकणारी, कॉलेजात प्रश्न विचारायला हात वर करायची भीती वाटणारी मी, उभी राहिले, खुर्ची मागे पडली, त्या आवाजाला मीच दचकले, आणि म्हणाले,

"थंडी आहे या घरात. सगळ्यांना वाजतेय. या टेबलावर खरं बोलणारी एकटीच होती, ती निघून गेली."

आणि? आणि काय! फिनेला म्हणाली, केली, तुला साय हवी का?

मी कोट घेतला आणि निघाले. जास्पर मागे आला दारापर्यंत, म्हणाला गाडी काढतो, थांब, आधी कुत्र्यांना फिरवून आणतो, त्यांची वेळ झाली. मी थांबले नाही. मला त्याचा राग आहे, फिनेलाचा राग आहे, बंटीचा तर इतका की बोलायची सोय नाही, आणि आईचासुद्धा आहे! फोन का उचलत नाही? रस्त्यावर फूटपाथ नाही, वळणावर गाड्या येतात... आणि मला माहितीये तिच्या डोक्यात काय चाललंय. ती ठरवणार की लग्नात आपण मागच्या रांगेत बसू, खांबाआड, जेवणाआधी निघू, पोरीला अडचण नको. हसतमुखानं करील ती हे! म्हणून मी वाक्य तयार ठेवलंय, इथे उभं राहून पाठ केलंय: आई, तू पहिल्या रांगेत बसणार, याच सुटात, नाहीतर लग्न नाही, आणि हे मी त्यांना तुझ्यासमोर सांगणार. बघा, जमतंय ना? उचल गं. वाजतोय... उचल... उचलला!

"नमस्कार. जॅनिस बोलतेय. आपण कोण?"

मी दचकून फोन कानापासून लांब धरला. वाटलं फिनेलाच! तोच नाकातला, इस्त्री केलेला आवाज. मग आठवलं, हा आईचा फोनवरचा आवाज, बँकेसाठी आणि डॉक्टरांसाठी राखून ठेवलेला. आई, मी आहे, म्हटलं. तसा आवाज झटकन घरचा झाला. "अगं, तू होय? काय गं, काय झालं?"

आणि माझं ते पाठ केलेलं वाक्य... तुम्हाला सांगते, इतका वेळ तुमच्यापुढे एवढी तडतड केली, आणि तिला काय म्हणाले मी?

"काही नाही गं. सहजच केला."

"बरं," आई म्हणाली. "मीही सहजच निघाले."