आईला ढकलणारी मुलगी

अगं, रविवारची गंमत ऐक. पोलिओमुळे माझे पाय चालत नाहीत, ते तुला माहीतच आहे. पण आता मी तीनचाकी सायकल घेतलीये, तिची पायडलं हातानं फिरवायची असतात. माझी लेक सई कधीची मागे लागलेली, "आई, एकदा तरी आपण दोघी सायकलवर जाऊया ना!" म्हणून ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यावर गेलेलो. ती तिच्या सायकलवर, मी माझ्या.

परतताना तिच्या सायकलची चेन तुटली. मी म्हटलं, "तशीच बसून राहा, माझी सीट मागून घट्ट धर." आणि निघाले तिला ओढत. दंड भरून आले, वेग पार मंदावला, पण मी जाम खूश होते. एरवी कुठेही जायचं तर तीच माझी खुर्ची ढकलते. आज मी तिला घरी नेत होते.

तेवढ्यात मॉर्निंग वॉकला आलेले एक काका आमच्या बाजूनं चालायला लागले. सईला म्हणाले, "शाब्बास बाळा! आईला ढकलून दमलीस ना?"

"नाही काका, आईच मला ओढतेय."

"किती गुणी पोर! सगळं श्रेय आईला देते."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "काका, आता नीट बघा हं." आणि पायडल सोडून दोन्ही हात वर केले. दोन्ही सायकली जागेवर थांबल्या.

काका हळहळले. "बघा, थकली बिचारी! सरक बाळा, आता मी ढकलतो."