प्याला फिरायच्या आधी

हॅलो?… हॅलो, कोण?… कुंडलिकभाऊ? जय ख्रिस्त… नाही, नंबर सेव्ह आहे तुमचा. वाजला बऱ्याच दिवसांनी, म्हणून विचारलं.

कामात कसला असणार… ठाकुर्लीत संध्याकाळी माणसाला दोनच कामं. पाणी भरणं, आणि टाकी भरून वाहायला लागली की वॉचमनवर ओरडणं… हो, हल्ली ओरडतही नाही.

बोला… कोणाला, संचिताला? कावीळ? अरेरे… मग रविवारी उपासनेला कीबोर्ड कोण वाजवणार?… असं. म्हणून माझी आठवण झाली… टोमणा नाही हो. पेटी आहे घरात. भाता जरा गळतो, पण माझंही तसंच चाललंय.

पण मला कसं जमेल?… ऐका ना. रविवारी प्रभुभोजन आहे ना? भाकर आणि प्याला फिरायच्या आधी मी उठून जातो. मग पुढची गाणी काय पेटी एकटी म्हणणार?…

का जातो म्हणजे?… तुम्हाला काय वाटलं?… शुगर?… सगळ्यांनाच तसं वाटतं? म्हणजे दोन वर्षं अख्खी मंडळी समजतेय की शमुवेल बाथरूमला जातो… आणि नवीन पाळकसाहेब?… माझा बाप्तिस्माच झालेला नाही? अहो, त्यांच्या जन्माआधी झालाय.

भाऊ, मी शिस्तीखाली आहे… शिस्तीखाली, मंडळीने प्याला बंद केलाय माझा. विसरलात? ज्यांच्या गालावर बसली, त्यांनी तरी लक्षात ठेवायचं.

हो, तीच. बायबलच्या वर्गात… विषय मला पाठ आहे. 'कृपा आणि पवित्र जीवन'. तुम्ही म्हणालात, कृपा फुकट असते, माणूस कसाही असला तरी देव पदरात घेतो. मी म्हटलं, मग नीट वागायचं कशाला? तुम्ही हसलात. आणि मी पवित्र जीवनाच्या बाजूने तुमच्या थोबाडीत दिली.

हसा, हसा. तेव्हाच्या पाळकसाहेबांना हसू नव्हतं आलं. म्हणाले, मंडळीचे पंच बोलावतील तेव्हाच प्याल्याला हात लावायचा. मग त्यांची बदली झाली जालन्याला. पंचही बदलले… नाही ना. कोणी बोलावलंच नाही.

कुठे जाणार, खाली पार्किंगमध्ये. कोणाच्या तरी स्कूटरवर टेकून बसतो… वर गाणं चाललेलं ऐकू येतं. मग एकदम सगळे गप्प होतात. तेव्हा कळतं, प्याला फिरतोय.

विचारलं का नाही?… काय विचारणार? मला माफ झालं का हो, असं? ते आपण विचारायचं नसतं, भाऊ. दुसऱ्याने येऊन सांगायचं असतं.

मी म्हटलं, आपण नीट राहू. बघेल कोणीतरी… राहिलो ना. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. समोरचा माझ्या जागेत गाडी लावतो, त्याला मी हात दाखवून हसतो…

छे, त्यात मोठेपणा कसला. ही गेल्यापासून घरात मी एकटा. एकट्या माणसाला पवित्र जगणं फार सोपं असतं. पाप करायला समोर कोणीतरी लागतं… हो, माफ करायलाही लागतं. तेच सांगतोय.

काय म्हणालात?… परत बोला… दुसऱ्या दिवशी? दुसऱ्याच दिवशी माफ केलेलंत?… मनातल्या मनात… बरं, प्रार्थनेत. म्हणजे देवाला सांगितलंत आणि मला नाही… 'कळलं असेल'? मला कसं कळणार? मी ठाकुर्लीत राहतो, भाऊ, तुमच्या मनात नाही.

नाही, रागावलो नाही…

रागावलोय. हो. दोन वर्षांत पहिल्यांदा. समोर असतात, तर दुसरा गालही… हसू नका. मी खरंच रागावलोय.

काय?… पंचांपुढे ठराव? नको. अनुमोदन द्यायचं कोणी विसरलं, तर आणखी दोन वर्षं मी पार्किंगमध्ये. तुम्हीच म्हणा ना… ठराव नको, पेटीसाठी म्हणून नको. तुम्ही, मला, नुसतं 'ये' म्हणा… हो, आत्ता. फोनवर. चालतं.

…

हं.

…

बरं. रविवारी बसतो शेवटपर्यंत… ऐकलं, ऐकलं. एकदा म्हणालात ते पुरे आहे… म्हणायचंच असेल, तर म्हणा परत.

मागून कोण बोलतंय?… वहिनी? काय म्हणतायत?… आज? अहो, आज कशाला, मी इथे खिचडी लावलीय… लावलीय म्हणजे, लावणार होतो… हो, रिक्षाने डोंबिवली काय लांब आहे… वांग्याचं भरीत? नको नको, वेगळं काही करू नका म्हणावं. भाकरी असली की झालं… किती टाकायच्या?… दोन पुरेत… थांबा, भाऊ. वहिनी आत गेल्या का?… सांगा त्यांना, तीन…

हॅलो?… कुंडलिकभाऊ?… ऐकलंत ना? तीन म्हटलं मी… हॅलो?…