सांगूचां होतां गो

बायकोच्या वर्षश्राद्धाचं सामान घेऊन मी वेंगुर्ल्याच्या स्टँडवर बसलो होतो. मागच्या बाकावर दोघी शेजारणी बोलत होत्या.

"नातालिन, तुझो घोव गेलो तेवा तू म्हणालंस, परत भेटतलो. खरां?"

"खरांच गो, शेवंती! येशू मरणातसून उठलो, म्हणान तर!"

"मगे इतकी वर्सां माका कित्याक नाय सांगितलंस? नाताळाक नेवऱ्यो तेवढ्यो धाडलंस!"

"वाटलां, मी तुका बाटवतंय म्हणान आरडशीत."

"आरडलंय असतंय! पण माझां चेडू, माझी लेक गेली, तेवा तरी सांगूचां होतां गो."

"चुकलां माझां. आता सांगू?"

"सांग तर! पयल्यापासून सांग!"

"अगो, आरोंद्याची गाडी इली!"

"जांव दे. दुसरी येतली. तू सांग."

गाडी सुटली. मलाही तिनेच जायचं होतं. मी बसून राहिलो.