एकट्यानं जेवणाऱ्यांची बातमी

अहमदपूरच्या स्टँडवर नांदेडची गाडी यायची होती. माझ्या मागच्या बाकावर एक म्हातारी आणि रिटायर झालेले गुरुजी बोलत होते.

"गुरुजी, फोनमधली ही बातमी वाचा. लेकानं पुण्याहून धाडली."

"'एकट्यानं जेवणारे लवकर मरतात!' पंचफुलाबाई, खालचं बारीक वाचलं का?"

"मला कुठं दिसतंय?"

"परदेशातली दोनशे माणसं. सहा महिने नुसतं विचारलं, कोणासंग जेवता? काहींचा बीपी वाढलेला निघाला. मेलं कोणीच न्हाई."

"मग वर मोठ्या अक्षरात मरतात कसं लिवलं?"

"त्याबिगर वाचतंय कोण? आन् एकटं जेवून बीपी वाढला, का बीपीवालेच एकटे पडले, हे कुणी पाहिलंच न्हाई."

"म्हंजे एकटं जेवून काही होत न्हाई?"

"तसंबी यावरून म्हणता येत न्हाई. पण भ्यायचं काम न्हाई. लेकाचा नंबर द्या, त्यालाबी समजावून सांगतो."

"नगं, गुरुजी."

"अवो, उगं काळजी करत बसंल."

"करू द्या. ही बातमी वाचल्यापासून रोज एक वाजता व्हिडिओ कॉल करतो. तो तिकडं डबा खातो, मी हिकडं भाकरी."

"आन् आधी?"

"दिवाळीला यायचा फोन."

"गाडी लागली. चला."

"तुम्ही व्हा पुढं. मी मागच्या गाडीनं येते. एक वाजत आलाय."

गाडी सुटली तेव्हा सव्वा वाजला होता. खिडकीतून ती दिसली. मांडीवर भाकरीचं फडकं सोडलेलं, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवलेला. स्क्रीन अजून काळीच होती.